नोकरी सांभाळून ऑनलाइन पदवी : शैक्षणिक वर्ष नेमके कसे चालते

जूनमध्ये कॉलेज उघडते, दिवाळीला सुट्टी लागते, मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा होतात आणि निकाल लागला की पुढचे वर्ष सुरू होते, हे चित्र आपल्या मनात इतके पक्के बसलेले असते की नोकरी करता करता दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवीला प्रवेश घेणारा विद्यार्थीही नकळत तेच गृहीत धरतो. प्रत्यक्षात या पदव्यांचे वर्ष वेगळ्या तत्त्वावर बांधलेले असते. त्यात प्रवेशाचे सत्र, अभ्यासाचे तास, गृहपाठाची मुदत, परीक्षेचे सत्र आणि नोंदणीची वैधता या गोष्टी एकमेकींच्या शेजारून चालतात, पण एकमेकींसाठी थांबत नाहीत. हुशार आणि कष्टाळू माणसेही या पदव्या अर्धवट सोडतात, त्यामागे पुष्कळदा विषयाची अवघडता नसते, तर या मुदतींचा न लागलेला मेळ असतो. म्हणूनच प्रवेश घेण्यापूर्वी एक संध्याकाळ काढून ही रचना समजून घ्यावी, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

आपल्याकडील मुक्त विद्यापीठांच्या पदवीवर ‘अर्धवेळ’ असा शिक्का सहसा नसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या पदवीचा किमान कालावधी दूरस्थ शिक्षणातही तीन वर्षांचाच असतो. अर्धवेळपणा दडलेला असतो तो कमाल कालावधीत. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात, म्हणजे इग्नूत, तीन वर्षांची पदवी पूर्ण करायला सहा वर्षांपर्यंत मुभा असते. माहितीपुस्तिकेत ‘किमान ३ वर्षे, कमाल ६ वर्षे’ अशी एक ओळ असते आणि बहुतेकांची नजर त्यातल्या पहिल्या आकड्यावर थांबते. नोकरदार माणसासाठी खरा आकडा दुसरा आहे.

असे का, ते श्रेयांकांच्या हिशेबातून कळते. दूरस्थ शिक्षणात एक श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे साधारण ३० तासांचा अभ्यास धरला जातो, आणि त्यात पुस्तक वाचणे, ध्वनिचित्रफिती पाहणे, गृहपाठ लिहिणे, मार्गदर्शनाच्या तासाला बसणे हे सगळे येते. आयोगाच्या २०२२च्या अभ्यासक्रम आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक लागतात, म्हणजे एकूण ३,६०० तास. ही पदवी तीन वर्षांत संपवायची तर वर्षाला १,२०० तास द्यावे लागतात, आणि वर्षातला एकही आठवडा न चुकवता आठवड्याला २३ तास. आठवड्याला ४८ तास कारखान्यात किंवा कार्यालयात घालवून, त्यावर जाण्यायेण्याचा वेळ मोजून झाल्यावर, इतके तास फार थोड्यांना सापडतात. तीच पदवी सहा वर्षांत करायची तर आठवड्याला साडेअकरा तास पुरतात, आणि एवढे मात्र रोजचा एक तास आणि रविवारची सकाळ-दुपार मिळून जमू शकतात.

ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीत हाच हिशेब उघडपणे मांडलेला दिसतो. १९६९ साली सनद मिळालेल्या आणि १९७१पासून शिकवू लागलेल्या या विद्यापीठात ऑनर्स पदवीला ३६० श्रेयांक लागतात, तिथे एक श्रेयांक दहा तासांचा असतो आणि अर्धवेळ विद्यार्थी वर्षाला ६० श्रेयांक घेतो. म्हणजे एकूण तास तेच ३,६००, वर्षाला ६०० आणि पदवीला सहा वर्षे. फरक इतकाच की तिथले बहुतेक विषय ऑक्टोबरमध्ये सुरू होऊन जूनपर्यंत चालतात. ६०० तास नऊ महिन्यांत बसवायचे असल्याने आठवड्याला १६ ते १८ तास लागतील, असे विद्यापीठ विद्यार्थ्याला प्रवेशाआधीच सांगते. आपल्या विद्यापीठांनीही माहितीपुस्तिकेच्या पहिल्याच पानावर आठवड्याचे तास छापावेत. शुल्क किती, हे सगळेच सांगतात. वेळ किती लागेल, हे सांगणेही तितकेच गरजेचे आहे.

आता आपल्याकडच्या वर्षाकडे वळू. आयोगाच्या ४ सप्टेंबर २०२०च्या नियमांनुसार दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांची शैक्षणिक सत्रे वर्षातून दोनदा सुरू होऊ शकतात : एक जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास आणि दुसरे जुलै-ऑगस्टच्या सुमारास. प्रवेश घेताना सत्र नीट पाहण्याचे आणखी एक कारण आहे. विद्यापीठाला अभ्यासक्रम चालवण्याची मान्यता विशिष्ट सत्रांसाठी मिळालेली असते, त्यामुळे आपण ज्या सत्रात प्रवेश घेत आहोत त्या सत्रासाठी त्या विद्यापीठाला आणि त्या अभ्यासक्रमाला मान्यता आहे का, हे आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या यादीत पाहावे. मान्यता असलेल्या विद्यापीठाची अशी पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते. २०२४पासून प्रवेशापूर्वी विद्यार्थ्याला स्वतःचा ‘डेब आयडी’ही, म्हणजे याच विभागाचा ओळख क्रमांकही, काढावा लागतो; तो आयोगाच्याच पोर्टलवर निघतो.

इग्नूचे उदाहरण थोडे तपशिलात पाहू, कारण १९८५च्या कायद्याने स्थापन झालेल्या या विद्यापीठाची घडी समजली की इतर मुक्त विद्यापीठांची माहितीपुस्तिका वाचणे सोपे जाते. इथे प्रवेश जुलै आणि जानेवारी अशा दोन सत्रांत होतात आणि सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये होतात. वार्षिक पद्धतीच्या अभ्यासक्रमाला जुलैत प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याची पहिली परीक्षा पुढच्या जूनमध्ये येते, जानेवारीत प्रवेश घेतलेल्याची त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये. अभ्यासक्रम सहामाही पद्धतीचा असेल, तर जुलैत आलेला विद्यार्थी त्याच डिसेंबरमध्ये पहिल्या परीक्षेला बसतो. प्रवेशाची मुदत अनेकदा वाढते आणि शेवटच्या दिवशी अर्ज भरणाऱ्याच्या हाती परीक्षेपर्यंत प्रत्यक्षात तीन-चार महिनेच उरतात. मुदत वाढली म्हणून परीक्षा पुढे जात नाही. छापील पुस्तकांची वाट पाहत बसण्यापेक्षा ‘ई-ज्ञानकोश’ या संग्रहावरची त्याच पुस्तकांची प्रत उतरवून घेऊन पहिल्या आठवड्यातच वाचायला लागावे.

यानंतर येते ती पुनर्नोंदणी, आणि सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. नियमित कॉलेजात पहिल्या वर्षाचा निकाल लागल्यावर दुसऱ्या वर्षाचा प्रवेश होतो. इग्नूत तसे नाही. पहिल्या वर्षाची परीक्षा दिली असो वा नसो, तिचा निकाल लागला असो वा नसो, पुढच्या वर्षाची किंवा सहामाहीची नोंदणी ठरलेल्या मुदतीत शुल्क भरून करायची असते. निकालाची वाट पाहत बसलेल्या विद्यार्थ्याची ही मुदत हुकते, मग पुढच्या सत्रापर्यंत थांबावे लागते, आणि कमाल कालावधी मात्र प्रवेशाच्या सत्रापासून मोजला जात असल्याने तो या काळातही संपतच असतो. उलट बाजूने पाहिले तर याच नियमात मोठी सोय आहे. नोंदणी झाली म्हणजे त्या वर्षाच्या सगळ्या विषयांची परीक्षा लगेच दिली पाहिजे, असे बंधन नाही. परीक्षेचा अर्ज वेगळा भरायचा असतो, त्याचे शुल्क विषयागणिक असते, आणि कोणकोणते विषय या खेपेला द्यायचे ते विद्यार्थी स्वतः निवडतो. राहिलेले किंवा अनुत्तीर्ण झालेले विषय कमाल कालावधीच्या आत पुढच्या कोणत्याही जून किंवा डिसेंबरमध्ये देता येतात. नोकरदार विद्यार्थ्याच्या हातातला अर्धवेळपणाचा खरा लगाम हाच आहे : नोंदणी वेळेवर, परीक्षा झेपेल तेवढीच.

झेपेल तेवढी म्हणजे किती, हे आकड्यांत पाहू. सोयीसाठी प्रत्येक विषय ४ श्रेयांकांचा मानला, तर १२० श्रेयांकांच्या पदवीत ३० विषय होतात आणि एका विषयाला १२० तास लागतात. चाकणच्या एखाद्या कारखान्यात पाळीने काम करणारी व्यक्ती आठवड्याला १२ तास देऊ शकत असेल, तर एक विषय दहा आठवड्यांत तयार होतो आणि सहा महिन्यांत अडीच विषय होतात. सहा वर्षांत परीक्षेची साधारण १२ सत्रे मिळतात. ३० विषय १२ सत्रांत वाटले की वाट्याला अडीचच येतात. म्हणजे हिशेब जेमतेम जुळतो आणि त्यात आजारपणाला, बदलीला, घरातल्या लग्नाला जागा राहत नाही. दोन सत्रे हातची गेली, तर उरलेल्या दहा सत्रांत प्रत्येक वेळी तीन विषय द्यावे लागतील. त्यामुळे पहिल्या दोन वर्षांत, उत्साह ताजा असताना, दर सत्राला तीन विषय उरकून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

परीक्षेआधी गृहपाठ असतो. इग्नूच्या बहुतेक विषयांत गृहपाठाला ३० टक्के आणि सत्रान्त परीक्षेला ७० टक्के भार असतो आणि दोन्हींत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते. परीक्षेत उत्तम गुण मिळाले, पण गृहपाठ दिलाच नाही, तर गुणपत्रकावर तो विषय अपूर्णच दिसतो. गृहपाठाची प्रश्नपत्रिका दरवर्षी बदलते. मागच्या वर्षीचे प्रश्न सोडवून ठेवलेली वही या वर्षी चालत नाही, म्हणून प्रश्न उतरवून घेताना त्यावर छापलेले सत्र आधी वाचावे. उत्तरे स्वतःच्या हस्ताक्षरात लिहायची असतात. पहिल्या पानावर नावनोंदणी क्रमांक, अभ्यासक्रमाचा आणि विषयाचा संकेतांक, अभ्यास केंद्राचा क्रमांक आणि सही येते. जमा केल्याची पोच जपून ठेवावी, आणि मूळ उत्तरांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत, कारण गुण नोंदले गेले नाहीत तर दाखवायला हाती काहीतरी हवे. गृहपाठाची मुदत परीक्षेच्या काही आठवडे आधी असते. ही मुदत अडचणीची वाटते, पण अभ्यासाच्या दृष्टीने ती उपकारकच आहे, कारण गृहपाठ मनापासून लिहिलेल्या विद्यार्थ्याचा निम्मा अभ्यास तोवर झालेला असतो.

महाराष्ट्रात राहणाऱ्यांसाठी या दोन परीक्षासत्रांचा आपल्या वर्षाशी असलेला संबंध फार महत्त्वाचा आहे, आणि माहितीपुस्तिकेत तो कुठेच लिहिलेला नसतो. डिसेंबरच्या परीक्षेचा अभ्यास करायचा काळ म्हणजे गणपती, नवरात्र आणि दिवाळी. गृहपाठाची मुदतही याच दिवसांत येते. जूनच्या परीक्षेचा काळ म्हणजे मार्चअखेर, मग मुलांच्या परीक्षा, मग एप्रिल-मेची लग्नसराई. बँकेत, हिशेब विभागात किंवा कर सल्लागाराकडे काम करणाऱ्याला मार्चचा महिना अभ्यासासाठी जवळपास मिळतच नाही, त्याने जूनला दोन आणि डिसेंबरला तीन विषय अशी वाटणी करावी. खरिपाच्या पेरणीत गुंतणाऱ्या शेतकरी कुटुंबातल्या विद्यार्थ्यालाही जूनच अडचणीचा असतो : पहिला पाऊस आणि जूनची परीक्षा बरोबरच येतात, म्हणून त्याने मोठे विषय डिसेंबरला ठेवावेत. घरातल्या सणाची तयारी जिच्या अंगावर असते तिने ऑक्टोबर-नोव्हेंबरवर भिस्त ठेवू नये. गृहपाठ श्रावणातच हातावेगळे करावेत आणि हे घरच्यांना आधीच सांगून टाकावे. शिक्षणासाठी वेळ मागताना संकोच करण्याचे काहीच कारण नाही.

परीक्षेचे वेळापत्रक लागले की रजेचा अर्ज त्याच आठवड्यात द्यावा. इग्नूची परीक्षा सकाळ आणि दुपार अशा दोन सत्रांत महिनाभर किंवा त्याहून जास्त चालते, त्यामुळे तीन विषयांसाठी लागोपाठ तीन दिवसांची नव्हे, तर तीन वेगवेगळ्या आठवड्यांत एकेका दिवसाची रजा लागू शकते. वेळापत्रकाची प्रत अर्जाला जोडली की वरिष्ठांनाही नाही म्हणणे जड जाते.

यापेक्षा अगदी वेगळी घडी आयआयटी मद्रासच्या ऑनलाइन बीएस पदवीची आहे. डेटा सायन्समधल्या या अभ्यासक्रमाची घोषणा २०२० साली झाली. तिथे वर्षाचे तीन भाग असतात, जानेवारी, मे आणि सप्टेंबरमध्ये सुरू होणारे, आणि प्रत्येक भागात १२ आठवड्यांचा अभ्यास असतो. दर आठवड्याला व्याख्यानांच्या ध्वनिचित्रफिती उघडतात आणि स्वाध्याय ठरलेल्या दिवसापर्यंत द्यावा लागतो. चौथ्या आणि आठव्या आठवड्याच्या आसपास एकेक चाचणी आणि शेवटी सत्रान्त परीक्षा होते. अभ्यास घरी बसून होत असला, तरी चाचण्या आणि परीक्षा ठरलेल्या शहरांतल्या केंद्रांवर प्रत्यक्ष जाऊन, रविवारी द्यायच्या असतात. नोकरदारांसाठी रविवार हा मोठाच दिलासा आहे, मात्र केंद्र दुसऱ्या शहरात असेल तर प्रवासाचा शनिवारही धरून चालावे लागते. सुरुवातीच्या आठवड्यांतल्या स्वाध्यायांत ठरावीक सरासरी राखली नाही, तर सत्रान्त परीक्षेला बसता येत नाही. इग्नूत सहा महिने पुस्तक न उघडता शेवटचे दोन महिने जीव तोडून अभ्यास करणारा तरून जाऊ शकतो. इथे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच मागे पडल्याचे दिसू लागते.

तिथे विषय दर सत्राला निवडायचे असतात आणि निवडले तेवढ्यांचेच शुल्क भरायचे असते. चार श्रेयांकांच्या एका विषयाला आठवड्याला सुमारे दहा तास लागतात, असे संस्थाच सांगते. संपूर्ण बीएस पदवीला १४२ श्रेयांक लागतात आणि कमाल मुदत आठ वर्षांची आहे. दर सत्राला दोन विषय घेतले, तर वर्षाला २४ श्रेयांक होतात आणि पदवी साधारण सहा वर्षांत पूर्ण होते. एकेकच विषय घेतला, तर १२ वर्षे लागतील, म्हणजे मुदतीत ती पूर्णच होणार नाही. दोन विषयांचे आठवड्याला २० तास मात्र ‘जमवू कसेतरी’ म्हणून जमत नाहीत. त्यासाठी झोप किंवा ओव्हरटाइम यांतले काहीतरी कमी करावे लागते, आणि झोप कमी करणे हा बरा मार्ग नाही. ज्याला इतके शक्य नाही, त्याच्यासाठी तिथे पायऱ्या आहेत : पायाभूत टप्प्याचे प्रमाणपत्र, मग पदविका, मग बीएसच्या आधीची बीएस्सी पदवी, आणि कोणत्याही पायरीवर थांबलेल्याच्या हाती काहीतरी राहते.

इतर विद्यापीठांच्या पूर्णपणे ऑनलाइन पदव्यांबाबत आयोगाचा एक नियम ध्यानात ठेवावा. तिथे सत्रान्त परीक्षेस पात्र ठरण्यासाठी ऑनलाइन उपक्रमांत किमान ७५ टक्के सहभाग लागतो, आणि व्याख्याने पाहिली का, चर्चेत भाग घेतला का, स्वयंचाचण्या सोडवल्या का, याची नोंद पोर्टल ठेवत असते. दूरस्थ पद्धतीत सैद्धान्तिक विषयांच्या संपर्क सत्रांना, म्हणजे मार्गदर्शनाच्या तासांना, गेले नाही तरी बहुधा चालते, प्रात्यक्षिकांना मात्र हजेरी सक्तीचीच असते. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या, म्हणजे १९८९पासून मराठीतून पदवीचे दार उघडणाऱ्या विद्यापीठाच्या, विद्यार्थ्यांनीही आपल्या अभ्यास केंद्रावर पहिल्याच भेटीत हे विचारून घ्यावे : कोणत्या तासांना यावेच लागेल आणि त्यांच्या तारखा कधी कळतील.

मुदत संपत आली आणि विषय उरलेच तर काय, हा प्रश्न अनेकांना भेडसावतो. इग्नूत अशा वेळी उरलेल्या विषयांपुरते प्रमाणशीर शुल्क भरून पुनर्प्रवेश घेता येतो आणि थोडी अधिक मुदत मिळते. झालेले विषय पुन्हा द्यावे लागत नाहीत. विद्यार्थ्यांचे श्रेयांक साठवून ठेवणाऱ्या श्रेयांक बँकेच्या (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) २०२१च्या नियमांनुसार मिळवलेले श्रेयांक खात्यात जमा राहतात, पण त्यांचीही वैधता कमाल सात वर्षांची असते. त्यामुळे मध्येच खंड पडला, तर आधी आपल्या श्रेयांकांची तारीख पाहावी आणि मगच परतण्याचे सत्र ठरवावे.

शेवटच्या वर्षाचे नियोजन प्रवेशाच्याच वेळी करून ठेवता आले तर उत्तम. शेवटची परीक्षा जूनमध्ये दिली, तर निकाल टप्प्याटप्प्याने लागत असल्याने त्याच जुलैच्या सत्रात पदव्युत्तर प्रवेश मिळेल याची खात्री नसते. डिसेंबरमध्ये दिली, तर जानेवारीचे सत्र याच कारणाने निसटू शकते, पण पुढच्या जुलैआधी गुणपत्रक आणि तात्पुरते प्रमाणपत्र हाती येण्यास पुरेसा अवधी मिळतो. ज्यांना पदवीच्या आधारावर बढतीचा किंवा भरतीचा अर्ज करायचा आहे, त्यांनी जाहिरातीत अर्हतेची कोणती तारीख धरली आहे ते पाहावे, त्या तारखेच्या आधीचे परीक्षासत्र शोधावे, आणि शेवटचे दोन-तीन विषय त्या सत्रापर्यंत संपतील अशा बेताने सुरुवातीपासून विषयांची मांडणी करावी.